सेंट्रिफ्यूजचं झाकण आणि फेलोशिपचा अर्ज

मला आलेल्या एका पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमरावतीहून मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी., विदर्भातल्या एका टीबी कल्चर लॅबमध्ये (म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून तपासतात तिथे) चार वर्षं काम, लग्नानंतर मेरीलँड. मूल झाल्यावर दोन वर्षं घरी. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, आणि आता बेथेस्डाला एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत जैवसुरक्षेची, म्हणजे लॅबमधले जंतू कुणाला बाधू नयेत हे बघण्याच्या कामाची, जी दोन वर्षांची प्रशिक्षण फेलोशिप असते तिच्यासाठी अर्ज करायचा आहे. नावावर एकही पेपर नाही. लॅबमध्ये असताना सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये, ट्यूब फुटली, घाईत झाकण लगेच उघडलं गेलं, मग स्वतःहून लेखी कळवलं, त्यावरून वरिष्ठ नाराज झाले. ‘हे अर्जात लिहू नये ना? आणि त्या सरांचं शिफारसपत्र नसेल तर चालेल का?’ सोबत स्टेटमेंटचा मसुदा जोडला आहे.

लिहायचं. खरं म्हणजे तेच लिहायचं.

तुमचा मसुदा मी दोनदा वाचला. सुरुवात ‘लहानपणापासूनच मला सूक्ष्मजीवांच्या अद्भुत जगाचं आकर्षण होतं’ अशी आहे. अशा फेलोशिपच्या निवड समितीवर मी काही वर्षं बसले आहे, आणि खात्रीने सांगते, निम्म्याहून जास्त अर्ज याच वाक्याने सुरू होतात. वाचणारा तिथेच चष्मा काढून डोळे चोळतो. पुढे तुम्ही टीबीचं जागतिक संकट, भारतातला भार, तुमची जिद्द असं सगळं लिहिलंय. सेंट्रिफ्यूजचा उल्लेख मात्र मसुद्यात नाही, तो तुम्ही मला लिहिलेल्या पत्रात आलाय, तोही माफी मागितल्यासारखा. अर्ज तिथे दडलाय.

संशोधनाच्या फेलोशिपला निवडताना लोक विचारतात, या मुलीच्या हातून नवं काय निघेल? म्हणून तिथे पेपर मोजतात. जैवसुरक्षेच्या फेलोशिपला विचारतात, काही बिघडलं तर ही खरं सांगेल का, आणि समोरच्याला ऐकावंसं वाटेल अशा रीतीने सांगेल का? पेपर असले तर वाईट नाही, पण त्यांच्यावाचून कुणाचा अर्ज बाजूला पडलेला मी पाहिला नाही. सगळं छान-छान लिहिलेले अर्ज मात्र बाजूला पडताना पाहिलेत.

याला कारण आहे. रॉबर्ट पाइक नावाच्या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रयोगशाळेत झालेल्या संसर्गांची जगभरातली ३,९२१ प्रकरणं गोळा करून मांडली. त्यातल्या पाचातल्या एकापेक्षाही कमी प्रकरणांत ‘अमुक दिवशी अमुक अपघात झाला’ असं बोट ठेवता आलं. सुई टोचली, ट्यूब फुटली, तोंडाने पिपेट ओढताना घोट गेला, असं काही. बाकीचे लोक त्या जंतूबरोबर काम करत होते आणि आजारी पडले, एवढंच कळलं. बराचसा दोष हवेत उडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तुषारांवर गेला. पण मला त्या आकड्यात आणखी एक गोष्ट दिसते: कुणी सांगितलंच नाही, अशीही प्रकरणं त्यात असणार. आमचं काम या न सांगितलेल्या भागात चालतं. म्हणून स्वतःच्या हातून झालेली चूक कागदावर लिहून देणारी उमेदवार आली की समिती सरसावून बसते.

आता ती घटना लिहायची कशी. ‘माझ्याकडून एक छोटीशी चूक झाली पण मी त्यातून खूप शिकले’ असं अजिबात नको. त्यात ना चूक कळते ना शिकणं. काय झालं ते जसंच्या तसं लिहा. थुंकीच्या नमुन्यावर प्रक्रिया करून कल्चरला घालण्याआधीचा टप्पा, इतक्या ट्यूब, बकेटला (मशीनमध्ये ट्यूब ठेवायच्या भांड्याला) बंद होणारं झाकण नव्हतं, मध्येच आवाज आला. नियम तुम्हाला माहीत होता: मशीन बंद करायचं, झाकण बंदच ठेवायचं, तीसएक मिनिटं थांबायचं म्हणजे तुषार खाली बसतात, खोली रिकामी करायची, दारावर पाटी लावायची, मग पूर्ण तयारीनिशी आत जायचं. तो नियम तुम्ही पाळला नाहीत. का? पत्रात तुम्ही लिहिलंय की मागे नमुन्यांची रांग होती आणि चारला कुरिअर निघायचं होतं. हे वाक्य अर्जात असायलाच हवं. कारण माणूस नियम मोडतो तो अडाणीपणाने क्वचित. बहुतेक वेळा चारचं कुरिअर असतं.

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा. तुम्ही दुसऱ्या दिवशी लिहून दिलंत, खोलीत असलेल्या तिघांची छातीची तपासणी झाली, आणि सहा महिन्यांनी झाकणबंद बकेट आल्या. हे तुम्ही कंसात लिहिलंय! ‘(नंतर नवीन बकेट आल्या)’. अहो, तो कंस काढा. बकेट कुणी मागितल्या, पैसे कुठून आले, आल्यावर त्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच, म्हणजे तुषार अडवणाऱ्या कपाटातच, उघडायच्या ही सवय लोकांना कशी लावली, मामा लोकांना कुणी सांगितलं, हे सगळं लिहा. वरिष्ठ रागावले हे लिहायचं, पण एका ओळीत आणि कडवटपणा न आणता: ‘लेखी अहवाल देण्याची तिथे पद्धत नव्हती आणि सुरुवातीला तो तक्रार म्हणून घेतला गेला.’ वाचणाऱ्याला उरलेलं समजतं. त्या लॅबचे वाभाडे काढलेत तर समिती तुमच्याऐवजी लॅबच्या बाजूने विचार करू लागेल.

अमेरिकेतही हे असंच घडतं, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. जून २०१४ मध्ये अटलांटाच्या सीडीसीत, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत, अँथ्रॅक्सचे जंतू मारून दुसऱ्या लॅबना पाठवायचे होते. मारण्याची पद्धत नवी होती, आणि सगळे मेले का हे बघायची प्लेट ४८ तासांऐवजी २४ तासांनीच ‘वाढ नाही’ म्हणून बाजूला केली गेली. त्या प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये, टाकायच्या होत्या, तर नेमकं दार उघडेना, म्हणून त्या परत इन्क्युबेटरमध्ये, जंतू वाढवायच्या उबदार पेटीत, ठेवल्या. आठवड्याभराने कुणीतरी बघतं तर वाढ आलेली. तोवर नमुने कमी संरक्षणाच्या लॅबमध्ये पोचले होते. सुदैवाने कुणी आजारी पडलं नाही, पण कितीतरी कर्मचाऱ्यांना औषधं घ्यावी लागली. दाराने हट्ट केला नसता तर कुणाला कळलंही नसतं, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं. त्याच उन्हाळ्यात बेथेस्डाच्या आवारात एका शीतखोलीत देवीच्या विषाणूच्या जुन्या, विसरलेल्या कुप्या सापडल्या. या सगळ्यानंतर सीडीसीने २०१५ मध्ये ‘लॅबोरेटरी लीडरशिप सर्व्हिस’ ही स्वतःची दोन वर्षांची फेलोशिप सुरू केली. ती डॉक्टरेटवाल्यांसाठी आहे, म्हणून तुमच्या कामाची नाही, पण ती कशातून जन्मली ते लक्षात ठेवा. या क्षेत्रातल्या बऱ्याच फेलोशिपच्या मुळाशी कुणाची तरी चूक आणि ती कबूल करणारा अहवाल असतो.

आपल्याकडचंच जुनं उदाहरण सांगते, थोडं विषयांतर झालं तरी. परळच्या प्लेग लॅबमधून, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून गेलेली प्लेगची लस १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी टोचली आणि १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका थेट ती लस बनवणाऱ्या डॉ. हाफकिनवर आला. बाटली परळला भरतानाच दूषित झाली, असं सरकारी चौकशीने धरलं. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, ही गोष्ट पुढे आली. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. पडलेल्या चिमट्याची नोंद त्याच दिवशी ठळकपणे पुढे आली असती तर एका माणसाची पाच वर्षं वाचली असती. मुलाखतीत हे सांगा असं मी म्हणत नाही. पण ‘नोंदी का ठेवायच्या’ असं कुणी विचारलं तर पुस्तकातलं उत्तर देण्यापेक्षा हे बरं.

माझी गोष्टही सांगते, कारण अर्जात साधं काम कसं मांडायचं ते त्यातून कळेल. मी सुरुवातीला मराठवाड्यातल्या एका लॅबमध्ये होते. भारनियमनाचे दिवस. दिवसातून दोनदा वीज जायची, आणि जनरेटरवर फ्रिज होते, बायोसेफ्टी कॅबिनेट नव्हतं. क्लास टू कॅबिनेटचा सगळा खेळ हवेच्या प्रवाहावर चालतो: समोरून हवा आत खेचली जाते, वरून हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा खाली येते. पंखा थांबला की ते एक काचेचं कपाट उरतं. आणि वीज गेली तरी लोक ‘एवढ्या दोन ट्यूब करतो’ म्हणून चालूच ठेवायचे. मी पत्र लिहिलं, यूपीएस मागितला, तो आला नाही. मग मी वीज मंडळाचं भारनियमनाचं वेळापत्रक आणून भिंतीवर चिकटवलं आणि कल्चर घालायचं काम सकाळी साडेसहाला सरकवलं. चहावाल्याला साडेआठला बोलावलं, म्हणजे त्याआधी कुणी उठू नये. एवढंच. पुढे माझ्या पहिल्या अर्जात मी हे लिहिलंच नव्हतं, मला ते लाजिरवाणं वाटलं होतं. दुसऱ्या अर्जात लिहिलं, आणि मुलाखतीची चाळीस मिनिटं त्यावरच गेली.

कारण त्यांच्या भाषेत याला नाव आहे. धोका कमी करायच्या पायऱ्या असतात: धोका मुळातच काढून टाका, जमलं नाही तर कमी धोक्याचं काही वापरा, ते नाही तर यंत्राने अडवा, ते नाही तर कामाची पद्धत बदला, आणि सगळ्यात शेवटी हातमोजे-मास्क. यूपीएस म्हणजे यंत्राची पायरी, वेळापत्रक म्हणजे पद्धतीची. वरची पायरी हाताशी नव्हती म्हणून मी खालची घेतली आणि वरची मागत राहिले, हे त्यांना दिसलं. तुमच्या बकेटही यंत्राच्या पायरीवरच्या. स्टेटमेंटमध्ये हे शब्द ओतायची गरज नाही, पण घटना सांगताना त्या पायऱ्या वाचणाऱ्याला आपोआप दिसाव्यात.

शिफारसपत्रांकडे येते. नाराज सरांना फोन करा. हो, तरीही करा. चार वर्षांत माणूस निवळतो, आणि ‘ही मुलगी चूक लपवत नाही’ असं त्यांच्या पत्रात आलं तर त्याहून मोठं काही नाही. नसेलच जमत तर सोडून द्या, एका माणसाच्या पत्रावाचून अर्ज अडत नाही. बरोबर काम केलेला सिनियर टेक्निशियन, कॅबिनेटची देखभाल करणारा इंजिनिअर, क्वालिटीचं काम बघणारे डॉक्टर यांतल्या कुणाचं पत्र एम.एस्सी.च्या विभागप्रमुखांच्या ‘अत्यंत होतकरू व कष्टाळू’पेक्षा जास्त उपयोगी.

आणि आपल्याकडची एक सवय इथे फार महागात पडते. ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तुम्हालाही कुणीतरी म्हणणारच. तिन्ही पत्रांत तेच शब्द, तीच वाक्यं, तोच टाइप, असा अर्ज माझ्यासमोर आला होता. उमेदवार चांगली होती, पण पत्रांवर कुणाचा विश्वास बसेना. सरांना पूर्ण पत्र लिहून देऊ नका. अर्धं पान मुद्दे द्या: कुठल्या वर्षी, कुठलं काम, बकेटचा प्रसंग, किती लोकांना शिकवलंत. बाकी त्यांच्या शब्दांत, त्यांच्या कार्यालयाच्या ईमेलवरून थेट जाऊ दे. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. खरं वाटतं.

बायोडेटात तुमच्या कामाचं भाषांतर करावं लागेल, आणि मी इंग्रजीबद्दल बोलत नाहीये. आपल्या टीबी कार्यक्रमातली लघुनावं, एलपीए (औषधांना दाद न देणारा टीबी ओळखायची चाचणी), सीबीनॅट, आयआरएल (राज्याची संदर्भ प्रयोगशाळा), तिकडच्या वाचणाऱ्याला काही सांगत नाहीत. ‘सीबीनॅट’ म्हणजे जीनएक्सपर्ट, टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं मशीन, ते त्यांना लगेच कळतं. ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं छोटं, बॅटरीवर चालणारं मशीन आहे, हे एका ओळीत सांगितलंत तर कमी साधनांत काम केल्याचं चित्र उभं राहतं. ‘बायोमेडिकल वेस्ट रूल्स २०१६ प्रमाणे विल्हेवाट’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा पिवळी, लाल, निळी, पांढरी अशी वर्गवारी तुम्ही रोज तपासत होतात हे लिहा. लॅबच्या आयबीएससीच्या, म्हणजे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या, बैठकीला कधी बसला असाल, नुसती टिपणं घ्यायला का होईना, तर तेही. १९८९ च्या नियमांखाली आपल्याकडे ती समिती असते, अमेरिकेत तिच्या भावंडाला आयबीसी म्हणतात, आणि फेलोशिपमधलं बरंच शिकणं त्या टेबलाभोवती होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आकडे. ‘कल्चरचं काम केलं’ नको. रोज सुमारे किती नमुने, किती जणांना ऑटोक्लेव्ह चालवायला शिकवलं, ऑटोक्लेव्हची स्पोअर चाचणी (चिवट जंतूही त्यात मरतात का ते बघायची) दर किती दिवसांनी आणि ती एकदा नापास झाली तेव्हा काय केलं. नापास झाली नव्हती असं म्हणू नका, चार वर्षांत एकदा तरी होतेच.

दोन वर्षांच्या खंडाबद्दल एक ओळ. ‘२०२२ ते २०२४, बाळाच्या संगोपनासाठी घरी.’ त्यापुढे खुलासा नको, अपराधीपणा तर नकोच.

मुलाखतीवर मात्र जरा थांबते, कारण मी पहिल्यांदा तिथेच नापास झाले. मला विचारलं होतं: तुमच्या संस्थेतले सगळ्यात जास्त अनुदान आणणारे प्राध्यापक लॅबच्या बाकावर बसून केळं खाताना दिसले. काय कराल? मी ताडकन म्हटलं, नियमाप्रमाणे अहवाल देईन. बरं, अहवाल दिला. त्यांनी पुढच्या आठवड्यात परत खाल्लं. मी म्हटलं, पुन्हा अहवाल देईन. समोरची बाई हसली आणि म्हणाली, मग तिसऱ्या आठवड्यात? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज माझं उत्तर असं आहे: आधी दार लावून त्यांच्याशी एकट्याने बोलेन, विद्यार्थ्यांसमोर नाही. खायला जागा कुठे आहे ते विचारेन. बहुतेक वेळा कळतं की खाण्याची खोली दोन मजले खाली आहे किंवा मुलांनी तिचं स्टोअर केलंय. जागेचा प्रश्न सोडवायला मदत करेन. तरीही चाललं तर विभागप्रमुखांकडे, आणि तिथेही नाही तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे, आणि मी तिथवर जाणार हे त्यांना आधीच सांगितलेलं असेल. जंतू उघडे असतील तर मात्र यातलं काही नाही, काम तिथल्या तिथे थांबवेन. निवड समितीला तुमचं नेमकं हेच उत्तर नको असतं. तुम्ही माणसाचा आणि जागेचा विचार करता का, आणि कुठे नमायचं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे का, हे बघायचं असतं.

दुसरा एक प्रश्न हमखास येतो, वेगवेगळ्या वेषांत: जंतू दुर्बळ केलेला आहे, आजार करत नाही, मग एवढं कशाला? इथे शिकागोचं प्रकरण मनात असू द्या. २००९ मध्ये तिथल्या विद्यापीठातला एक संशोधक प्लेगच्या दुर्बळ केलेल्या जंतूवर काम करत होता. त्या जंतूची लोह मिळवायची क्षमताच काढून टाकलेली, म्हणून तो निरुपद्रवी धरलेला. पण संशोधकाला स्वतःला माहीत नसलेला आनुवंशिक आजार होता, हीमोक्रोमॅटोसिस, ज्यात शरीरात लोह साचत जातं. जंतूला जे मिळू नये म्हणून त्याला लंगडा केला होता, ते या शरीरात भरपूर होतं. तो गेला. म्हणजे जंतूचा धोक्याचा गट ही एक गोष्ट, त्याच्याबरोबर तुम्ही काय करताय ही दुसरी, आणि कोण करतंय ही तिसरी. धोक्याचा गट (जंतू किती घातक) आणि लॅबची पातळी (बंदोबस्त किती कडक) एकच समजणारे उमेदवार खूप असतात. तुम्ही टीबीतून आलात, तुम्हाला हा फरक अंगवळणी आहे: तोच जंतू, पण थेट थुंकीची स्लाइड करायला एक तयारी आणि कल्चर वाढवून औषधसंवेदनशीलता तपासायला अगदी वेगळी. हे स्वतःच्या अनुभवातून सांगा, त्यांना आवडतं.

वाचायचं काय? अमेरिकेची बीएमबीएल ही जैवसुरक्षेची मार्गदर्शिका, सहावी आवृत्ती, आणि जागतिक आरोग्य संघटनेची लॅबोरेटरी बायोसेफ्टी मॅन्युअल, चौथी आवृत्ती. दोन्ही २०२० च्या आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. पाठ करू नका. चौथ्या आवृत्तीने लॅबच्या एक ते चार पातळ्यांची शिडी मागे टाकून प्रत्येक कामाचा धोका तपासून मग उपाय ठरवा असं का म्हटलं, आणि अमेरिकेने शिडी का ठेवली, यावर तुमचं स्वतःचं मत तयार करा. एनआयएचचे रीकॉम्बिनंट डीएनएबद्दलचे (वेगवेगळ्या ठिकाणचे डीएनए जोडण्याच्या कामाचे) नियमही वरवर चाळा. १९७५ च्या असिलोमार परिषदेतून निघालेले, ते तुमच्यासाठी नवीन असतील, पण तिथे रोज लागतात.

एखादं प्रात्यक्षिक सांगायला लावलं तर अगरबत्तीचं सांगा. गंमत करत नाहीये. कॅबिनेटच्या तोंडाशी धूर धरून हवा आत जाते का ते पाहणं ही मान्य पद्धत आहे, तिकडे त्यासाठी धुराच्या कांड्या वापरतात. आमच्याकडे छतावरचा पंखा लावला की कॅबिनेटसमोरचा प्रवाह कसा मोडतो हे मी उदबत्ती लावून दाखवायचे, आणि मे महिन्यात पंखा बंद ठेवायला लोक त्यानंतरच तयार व्हायचे. कामात मग्न असताना धूर आपल्याच नाकाकडे येताना दिसला की भाषण लागत नाही. तुमच्याकडेही पंखा असणारच.

कागदपत्रांचं पटकन सांगते. ही फेलोशिप अमेरिकन नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्यासाठी आहे, ग्रीन कार्ड असल्याने तुम्ही बसता. त्या वर्षीची सूचना शब्दन्‌शब्द वाचा आणि तारीख भिंतीवर लावा. भारतातल्या पदवीचं तिकडच्या मापात मूल्यांकन करून घ्यावं लागेल, त्यासाठी विद्यापीठातून बंद पाकिटात किंवा थेट ऑनलाइन गुणपत्रकं मागवावी लागतात, आणि आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आजच अर्ज करा, अमरावतीत कुणी भाऊ-बहीण असेल तर पाठवा. बाकी सगळं पुढे-मागे करता येतं, हे नाही.

हाच प्रश्न मला पुण्या-नाशकातून विचारणाऱ्यांसाठी दोन शब्द. ग्रीन कार्ड नसेल तर बेथेस्डाच्या मागे लागू नका. आयएफबीए या जैवसुरक्षा संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं प्रमाणपत्र घरबसल्या तयारी करून घेता येतं. आधी बायोरिस्क मॅनेजमेंट, मग कचरा, बायोसिक्युरिटी, कॅबिनेट असे वेगवेगळे विषय, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, २०१७ ची जैवसुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं नीट वाचलेला माणूस कुठल्याही आयबीएससीला हवाच असतो. आणि पुण्यात पाषाणला एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणू संस्था, आहे, २०१२ मध्ये तिथे बीएसएल-४, म्हणजे सगळ्यात कडक बंदोबस्ताची लॅब, उभी राहिली. त्या संस्थेच्या जुन्या काळात क्यासनूर जंगल तापाच्या विषाणूने तिथल्याच कर्मचाऱ्यांना लॅबमध्ये गाठल्याच्या नोंदी आहेत. तिथल्या प्रशिक्षणाच्या जाहिराती निघतात, त्यांच्यावर नजर ठेवा. लस बनवणाऱ्या कंपन्यांनाही अशी माणसं लागतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की घरात म्हणतात, ‘एम.एस्सी. करून शेवटी सेफ्टीवाली, म्हणजे वॉचमनच ना?’ त्यांना सांगा, वॉचमनला दारातून कोण आत गेलं तेवढंच बघायचं असतं. फेलोशिपच्या दोन वर्षांत तुम्ही एअर हँडलिंगच्या माणसांबरोबर छतावर चढाल, बीएसएल-३ ची वीज मुद्दाम तोडून हवा उलटी वाहत नाही ना ते तपासाल, डॉक्टरांबरोबर बसून सुई टोचलेल्या मुलाचं ऐकाल, आणि नोबेलच्या रांगेतल्या माणसाला केळं बाहेर खायला सांगाल. नंतर विद्यापीठं, रुग्णालयं, औषध कंपन्या, राज्यांच्या आरोग्य प्रयोगशाळा सगळीकडे बायोसेफ्टी ऑफिसर लागतो, आणि पुढे एबीएसए या जैवसुरक्षा व्यावसायिकांच्या संघटनेच्या आरबीपी, सीबीएसपी या प्रमाणपत्रांची वाट मोकळी होते. घरच्यांना यातलं केळ्याचं सांगितलंत तरी पुरे.

आता मसुदा. पहिले दोन परिच्छेद काढून टाका, सूक्ष्मजीवांचं अद्भुत जगही आणि जागतिक भारही. तिसऱ्यातलं ‘मला संधी मिळाल्यास’ वगैरे ठेवा, पण शेवटच्या दोन ओळींत आणा. एका पानात बसवा. सुरुवातीला त्या दुपारी घड्याळात किती वाजले होते आणि कुरिअरला किती मिनिटं उरली होती ते लिहा. पुढचं लिहून झालं की मला पाठवा, इंग्रजीचं मी बघते.